विझवलेल्या निखाऱ्यांची माती

परवा आक्काचा फोन आला. "तुराट्या रचून ठिवल्यात. ह्येंला आता खड्ड्यात उतरणं जमंना. सुट्टी लागली की ये." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. माझी ही थोरली बहीण फोनवर कधीच लांबण लावत नाही. जणू पलीकडचा माणूस चुलीवर काहीतरी ठेवून उठून आलाय, अशा घाईनं ती बोलते.

मी नांदेडला शाळेत शिकवते. चैत्र सरत आला, परीक्षा आटोपल्या, की मुखेड-उदगीर करत निलंग्याकडे जायचं, हे आता काही वर्षांचं ठरलेलं. बसच्या खिडकीतून झळा आत येतात. दोन्ही बाजूंची रानं उघडी पडलेली असतात आणि कुठं ना कुठं बांधाला तुराट्या पेटवलेल्या असतात. तुरीच्या या वाळल्या काड्या पूर्वी चुलीला लागायच्या, कुडाला लागायच्या. आता घरोघर गॅस आला आणि त्या नकोशा झाल्या. त्या धुराला एक गोडसर, डाळीच्या फोलपटासारखा वास असतो. बसमधली माणसं खिडक्या ओढून घेतात. मला तो वास आला की एकच उन्हाळा आठवतो आणि छातीत काहीतरी खाली बसत जातं, भिजलेल्या भिंतीसारखं.

आक्काची गावं दोन. एक माळावरचं, जिथं ती राहते. सरळ रस्ते, एकसारखी घरं, घरावर आकडे. दुसरं नदीकाठचं, जिथं ती लग्न होऊन आली होती. गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे जमीन हलली, तेव्हा ते नदीकाठचं गाव बसलं. दगडमातीच्या हातभर जाड भिंती आणि वर मातीचं धाबं. सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. आक्काची मुलगी सोनी त्यात गेली. तीन वर्षांची होती. आक्काला शेजाऱ्यांनी ढिगाऱ्यातून ओढून काढलं आणि बेशुद्धच लातूरच्या दवाखान्यात नेलं. दाजींचा, म्हणजे आक्काच्या नवऱ्याचा, पाय गुडघ्यातून मोडला. तो पुढं कधी सरळ झाला नाही. त्यानंतर त्यांना मूल झालं नाही.

नव्या गावात सगळं मिळालं, माती मिळाली नाही. माळ सगळा मुरमाड. घरामागच्या तुकड्यात आक्का मेथी टाकायची, ती बोटभर उंच व्हायची आणि पिवळी पडायची. वांग्याचं रोप धरायचं नाही. आणि तिकडे जुन्या गावावर, जिथं कुणी पाणी घालत नव्हतं की पेरत नव्हतं, तिथं बाभळी आणि घाणेरी माणसाच्या डोक्यावर गेल्या होत्या.

आमच्याकडे शेताच्या मातीला काळी म्हणतात आणि गावठाणाच्या मातीला पांढर. पांढर ही नुसती माती नव्हे. शेकडो वर्षं बायांनी रोज संध्याकाळी चुलीतले निखारे पाणी शिंपडून विझवले, राखेसकट उकिरड्यावर टाकले. त्यावर गोठ्यातलं शेण पडलं, गुरांचं मूत पडलं, फुटक्या मडक्यांची खापरं पडली, धुण्याभांड्यांचं पाणी मुरलं. घरं पडली, त्याच मातीवर पुन्हा बांधली. कुणीही माती तयार करायला बसलं नव्हतं. माणसं फक्त जगत होती आणि त्यांच्या जगण्यातून जे जळून, फुटून, कुजून उरत होतं त्याची माती होत होती. शेण कुजून जातं, राख वाहून जाते, पण विझवलेला कोळसा तसाच राहतो. तो पाणी धरून ठेवतो, खताचा कस धरून ठेवतो. म्हणून आमच्याकडचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या पडक्या गढीची, ओसाड गावठाणाची माती गाडीनं नेऊन रानात टाकत आले. दूरच्या कुठल्याशा जंगलातल्या लोकांनी मुद्दाम कोळसा पुरून नापीक जमिनीची काळीभोर माती केली होती, असं मी पूर्वी एकदा वाचलं होतं. तेव्हा वाटलं होतं, आपल्याकडे हे काम चुलींनी केलं.

त्या वर्षीही असाच फोन आला होता. "जुन्या गावाला जेसीबी लागलाय," आक्का म्हणाली. "तू ये."

जुन्या गावाची माती लोक थोडी थोडी नेत होतेच. त्यात नवं काय, ते मला कळेना. मी गेले. दाजी पत्र्याच्या सावलीत बाजेवर बसले होते, आक्का उंबऱ्याला टेकून. दोघांनी मला पाणी दिलं, चहा दिला. मग दाजी म्हणाले, "मास्तरीणबाई, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. सोनी तितंच हाय."

मला आधी वाटलं, ते माणसं म्हणतात तसं काहीतरी म्हणतायत.

"परसात," ते म्हणाले. "शेवग्याच्या बुडाला. म्या पुरलंय."

त्या दिवशी पाऊस थांबत नव्हता. मढी खूप होती आणि लाकूड ओलं होतं. पडलेल्या घरांच्या तुळया, दारं, पाळणे, जे मिळेल ते आणून रचलं जात होतं, वर रॉकेल ओतलं जात होतं, आणि एकावर एक माणसं ठेवली जात होती. "माझी पाळी आली," दाजी म्हणाले. "म्होरं आठ-धा जण पडलेले. पोरगी एवढीशी. तिच्या अंगावर कोण पडंल, ती कुणाच्या खाली जाईल, काय की. म्या तिला घेऊन माघारी फिरलो. पाय मोडलेला कळत नव्हतं तवा. घासत घासत आलो. शेवगा तेवढा उभा होता. हातानंच उकरलं."

आक्काला हे त्यांनी दवाखान्यातून आल्यावर सांगितलं होतं. मला तीस वर्षांनी. आमची आई तर सोनी त्या मोठ्या चितेवर गेली असं समजूनच वारली.

जेसीबी बालाजीनं आणला होता. बालाजी आक्काच्या जुन्या शेजाऱ्याचा मुलगा, भूकंपानंतर जन्मलेला. तो काही वाईट माणूस नव्हे. आदल्या पावसाळ्यात नदी पात्र सोडून त्याच्या रानातून गेली आणि वरची सगळी माती खरडून घेऊन गेली. खाली गोटे उघडे पडले. बाप लहानपणीच वारलेला, दोन भाऊ, एवढीच जमीन. त्याला माती पाहिजे होती, आणि माती जुन्या गावात होती.

आम्ही तिघं त्याच्याकडे गेलो. आक्का म्हणाली, "आमच्या घराची ती वळ तेवढी सोड." वळ म्हणजे घरांची ओळ, मागच्या परसासकट.

"काकू," बालाजी म्हणाला, "परतेकजण तेच म्हनायलाय. ह्येंचं घर सोड, त्येंचं देवघर सोड. मग मी काय गोट्यावर पेरू का?"

त्याला खरं कारण सांगावं, असं मी वाटेत आक्काला म्हटलं होतं. तिनं मान हलवली होती. "सांगितलं की गाव नारळ घिऊन येतंय. फोटो काढतेत. कुणीतरी म्हनतंय, उकरून नीट करू. ती झोपलीय, झोपू दे."

मग मीच बालाजीला म्हणाले, की आम्ही तुला माती करून देतो. सगळ्या रानाला पुरणार नाही, पण नदीच्या कडेच्या भाजीच्या पट्टीला पुरेल. तुराट्या तर गावभर पडल्यात. त्यांचा कोळसा करू, शेणामुतात मुरवू, तो तू पसर. तोवर ती वळ सोड. बालाजीनं माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघितलं. पण आक्काला तो नाही म्हणू शकला नाही. "मिरगापर्यंत थांबतो," तो म्हणाला. म्हणजे मृगाच्या पावसापर्यंत.

असा तो उन्हाळा सुरू झाला.

नव्या गावाच्या कडेला, वारा अडेल अशा ओघळीत दाजींनी खड्डा खणला. वर रुंद, तळाला निमुळता. उजाडताना, वारा सुटायच्या आत पेटवायचा. तळाशी थोडा जाळ करायचा आणि त्यावर तुराट्यांचा पातळ थर टाकायचा. काड्यांवर राखेची पांढरी साय धरायला लागली की लगेच पुढचा थर. वरचा जाळ खालच्या निखाऱ्यांना हवा लागू देत नाही, म्हणून खालचं जळून राख होत नाही, कोळसा होऊन थांबतं. खड्डा तोंडापर्यंत लाल झाला की विझवायचा. पाण्यानं विझवणं सोपं, पण पाणी कुठलं? गावाला टँकर येत होता. प्यायचं पाणी विस्तवावर ओतलेलं कुणाला बघवलं नसतं. आम्ही माती ओढून दाबायचो. त्या मातीच्या भेगांतून निळसर धूर दिवसभर येत राहायचा, आणि त्याच्याकडे बघत बसणाऱ्या आक्काच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला वाचता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी उघडलं की आत काळ्या काड्या. बोटानं दाबलं तर काचेसारख्या वाजायच्या. त्या धुण्याच्या बडवण्यानं कुटायच्या, गोठ्यात गाईखाली पसरायच्या. आक्काची देवणी गाय पहिल्या दिवशी त्या काळ्या अंथरुणावर पाय ठेवेना. मग सवयीनं त्यावरच बसायला लागली. तिचं मूत, शेण त्यात मुरलं की तो कोळसा ढिगाला लावायचा, न्हाणीचं सांडपाणी वर टाकायचं, फुटकी खापरं टाकायची, पुन्हा वर-खाली करायचा. कोरडा कोळसा तसाच मातीत घातला तर तो मातीचाच कस ओढून घेतो. आधी त्याचं पोट भरावं लागतं. आक्काची सासू उकिरड्याबद्दल असंच काहीतरी म्हणायची, एवढं आक्काला आठवत होतं. बाकीचं आम्ही चुकत चुकत शिकलो. पहिल्या दोन खड्ड्यांची नुसती राख झाली.

गाव हसत होतं. कुणी म्हणालं, म्हातारपणी कोळसे पाडायचा, लोणाऱ्याचा धंदा काढला. दाजी ऐकून घ्यायचे. आमच्या नखांत, कानामागं, पोळीच्या कडेला काळं असायचं. रात्री आंघोळ करून झोपलं तरी सकाळी उशीला डाग असायचा. दाजींना खोकला धरला. मी थांबा म्हटलं की ते म्हणायचे, "मिरीग आला की थांबू."

त्याच कामात आक्का बोलायला लागली. तीस वर्षं तिनं सोनीचं नावही माझ्यासमोर काढलं नव्हतं. एका सकाळी कोळसा कुटता कुटता म्हणाली, "कोळसा खायची गं ती. लई मारलं, तरी खायची. चुलीपाशी गप बसली की समजायचं. तोंड उघड मनलं की जीभ काळी." आणि मग हसली. बडवणं तसंच हातात धरून बराच वेळ हसत होती. मी मान खाली घालून कुटत राहिले. दाजी पलीकडे तुराट्यांची पेंढी सोडत होते. ते उठून गोठ्यात गेले.

मला वाटतं, त्या दिवसांत ती दोघं सोनीला पुन्हा वाढवत होती. कुणाच्या वाट्याला असा उन्हाळा येऊ नये, पण तो त्यांच्या आयुष्यातला बोलका उन्हाळा होता, हेही खरं. ढीग वाढत होता. हाताला गार लागायचा, भर उन्हातही. त्यात हात घातला की जुन्या गावाच्या मातीसारखा वास यायचा. अगदी तसा नाही, पण त्याच घरातला. आक्का रोज मूठभर उचलून हुंगायची आणि म्हणायची, "अजून कच्ची हाय."

सुरुवातीला ती दोघं रोज जुन्या गावाकडे एक फेरी मारायची. लांबून बघायची, शेवगा उभा आहे ना. तो खरा शेवगा नव्हता. मूळचा केव्हाच वाळला होता, त्याच्या बुंध्यातून फुटलेला तो दुसरा.

वैशाखात देवणी गावी दाजींच्या पुतणीचं लग्न होतं. दाजी जायला तयार नव्हते. मीच म्हणाले, घरचं कार्य आहे, लोक काय म्हणतील, एका दिवसाचा तर प्रश्न. बालाजीनं शब्द दिलाय, तो पाळेल. आम्ही तिघंही गेलो. आक्कानं ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. मांडवात तिनं नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि मला म्हणाली, "आपली आता तेहतीस वर्षाची असती. लेकरंबाळं असती."

परत आलो तेव्हा दिवस कलला होता. बालाजी फाट्यावर उभा होता. बस थांबली तरी तो पुढं येईना. मग दाजींकडे न बघता म्हणाला, "काका, मी हात लावला न्हाई. दुसऱ्या गावचे आले होते. दुपारी. मी रानात होतो. मला कळंस्तवर टराली भरून गेल्या."

त्यानं खरोखर हात लावला नव्हता. नदीपलीकडच्या गावच्या लोकांना सोनी माहीत नव्हती, बालाजीचा शब्दही माहीत नव्हता. त्यांना मोकळी पांढर दिसली. शेवगा मुळासकट आडवा पडलेला होता. घराच्या जागी मोठा खड्डा होता, आणि त्याच्या उभ्या कडेवर थर दिसत होते. राखेची रेघ, कोळशाची रेघ, खापरांची, पुन्हा राखेची. एकेक रेघ म्हणजे कुणाकुणाच्या किती संध्याकाळी असतील, असं त्याही वेळी माझ्या मनात आलं, आणि स्वतःची लाज वाटली.

दाजी लग्नाच्या पांढऱ्या कपड्यांनी खड्ड्यात उतरले. गुडघा वाकत नव्हता, ते बसून सरकत होते. हातानं माती बाजूला करत होते. बालाजीला काही कळेना. त्यानं आक्काकडे बघितलं आणि आक्कानं त्याला सांगितलं. दोन वाक्यांत. त्या पोरानं पायातल्या वहाणा काढल्या. मग उतरला आणि दाजींच्या शेजारी माती चाळायला लागला.

बांगडीचे तुकडे सापडले, खापरं सापडली, कोळसा तर मुठीमुठीनं. दुसरं काही सापडलं नाही. तीन वर्षांच्या लेकराची हाडं अशा मातीत तीस वर्षं राहतात का, मला माहीत नाही. कोळसा राहतो.

अंधारून आलं तेव्हा आक्का वरून म्हणाली, "या आता वर."

बालाजीनं दोन दिवसांत माती कुठं गेली ते शोधून काढलं. नदीपलीकडे, वाटेवरचंच एक शेत. आम्ही गेलो तेव्हा शेताची मालकीण, चाळिशीतली बाई, फावड्यानं ढीग पसरत होती. माती जवळजवळ पसरून झाली होती. तिला वाटलं, आम्हालाही माती पाहिजे. "उशीर केला तुम्ही, मावशी," ती म्हणाली. "लई चांगली निघाली बघा. नुसता लोण्याचा गोळा."

आक्का वाकली. मूठभर माती घेतली, चोळली. तळहातावर काळी रेघ उमटली. दाजी बांधावरच उभे राहिले होते.

"तितं आमचं घर होतं," आक्का म्हणाली.

बाईचा हात थांबला. "माफ करा मावशी. आम्हाला वाटलं, कुणाचंच न्हाई." ती पदरानं तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, "परत न्या मनलं तरी आता कसं न्यावं."

"नगं," आक्का म्हणाली. "काय पेरणार हाव?"

"मूग."

"पेर," आक्का म्हणाली. आणि हातातली माती तिनं खाली टाकली नाही, वाकून हळूच ठेवली.

मिरीग लागला. आमचा ढीग न्यायला बालाजी येईना. दाजींनीच त्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "काका, मला नगं ती. कुठल्या तोंडानं नेऊ?" दाजी म्हणाले, "बोलणं झालंय. भर." त्यानं ती भाजीच्या पट्टीत पसरली. त्या वर्षी तिथं काही धड उगवलं नाही. माती कच्चीच होती. पुढच्या वर्षी जरा बरं आलं. दरवर्षी आक्का थोडा कोळसा करते, थोडा बालाजीला देते, थोडा घरामागं घालते. आता तिची मेथी हिरवी असते. पण जुन्या गावाची वळ भरून काढायची म्हटली, तर आमच्यासारख्या किती जणींनी किती जन्म चुली विझवाव्या लागतील.

त्या उन्हाळ्याच्याच वर्षी, पावसाळा सरत आला असताना, मी दोन दिवस आक्काकडे होते. बालाजी एक पिशवी घेऊन आला. नदीपलीकडच्या त्या बाईनं दिली होती. "पहिला मूग घराच्या मालकाला, मनली," असं सांगून तो निघून गेला. चहालाही थांबला नाही. तिला सोनीचं काहीच माहीत नव्हतं. तिनं आपल्या परीनं माणुसकी केली होती.

पिशवी कोनाड्यात राहिली. आक्का तिच्याकडे बघत नव्हती आणि तिला हलवतही नव्हती. दुसऱ्या दिवशी दाजी जेवायच्या वेळेला आत आले. कोनाड्यापाशी उभे राहिले. पिशवी उघडून त्यांनी मूग ओंजळीत घेतला, हिरवागार, टपोरा. 

"शिजव," ते म्हणाले.

आक्का उठली. मूग निवडला, धुतला, पातेल्यात घातला. फोडणी दिली, जास्त तिखट नाही, लेकरांना करतात तशी. तिघांची ताटं वाढली. त्या दोघांसमोर मी कोण थांबणार, मीही घास घेतला. दाजी भाकरी कुस्करून, मान खाली घालून जेवत होते. त्यांचं ताट रिकामं झालं तेव्हा आक्कानं पातेलं पुढं ओढलं.

"अजून वाढू का?"

"वाढ," ते म्हणाले.